चार दिवसांच्या आत

फ्रीजमध्ये पाच तुकडे होते, आता चार होते. बुधवारची संध्याकाळ, सव्वासहा वाजलेले, पायांत अजून ऑफिसचे बूट, एका हातात फ्रीजचं दार. आणि तो त्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे असा बघत उभा होता, जसा मुख्याध्यापक गैरहजर मुलाच्या बाकाकडे बघतो. चोर असता तर गोष्ट वेगळी. पण कुलूप न तोडता आत शिरायचं, टीव्हीला हात लावायचा नाही, तीन दिवसांच्या पिझ्झाचा एकच तुकडा खायचा आणि दार नीट ओढून घेऊन निघून जायचं, असा चोर अजून जन्माला यायचाय. किल्ल्या दोनच होत्या. एक त्याच्या खिशात होती. दुसरी रविवारी दुपारी बायकोच्या पर्समधून तिच्या ताईकडे राहायला गेली होती. म्हणजे बायको येऊन गेली. का आली, हे त्याने स्वतःला विचारलं नाही, कारण त्याहून गंभीर बाब समोर होती. बिडाचा तवा खिळ्याला होता तिथेच होता, त्याच्यावर सोमवारची धूळसुद्धा शाबूत होती. ओव्हन गार. मायक्रोवेव्हचं दार उघडून त्याने आत नाक घातलं. कशाचाही वास नाही. याचा अर्थ एकच. तिने तो तुकडा तसाच खाल्ला होता. गार. उभ्याने. ओट्याच्या काठावर, बशीचीही तसदी न घेता, तिने कड ठेवून दिली होती आणि त्या कडेवर समोरच्या दातांची स्वच्छ रांग उमटली होती. बायको दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांचे मेणातले चावे हाताळायची. हा तिचा स्वतःचा चावा होता, आणि तो, मान्य करायला हवं, घाईचा वाटत नव्हता. सावकाश, चवीने घेतलेला होता. तेच त्याला सहन झालं नाही.

गार पिझ्झा खाणाऱ्यांबद्दल त्याचं मत छापील होतं. खरोखरच छापील. स्वयंपाकघरातली यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत यंत्रांबरोबर खोक्यात येणारी माहितीपुस्तिका लिहिणं हे त्याचं काम. जी पुस्तिका लोक थर्माकोलबरोबर कचऱ्यात टाकतात, तीच. गेली तेरा वर्षं तो कचऱ्यासाठी लिहीत होता आणि कचऱ्यात टाकणाऱ्यांना ओळखून होता. माणूस पुस्तिका वाचत नाही, वस्तू बिघडवतो, मग फोन करून ‘तुमची वस्तू बेकार आहे’ म्हणून सांगतो. यापलीकडे मनुष्यजातीबद्दल जाणून घेण्यासारखं फारसं नाही, असं त्याला वाटे. ऑफिसात त्याला परिशिष्ट म्हणत, कारण मिक्सरच्या चार पानी पुस्तिकेला त्याने एकदा नऊ पानी परिशिष्ट जोडलं होतं. त्याला ते नाव आवडायचं. ग्रंथात खरं काय ते परिशिष्टातच असतं. आणि माणसांची खरी प्रतवारी, तेही त्याने तेरा वर्षांत ठरवून टाकलं होतं, उरलेला पिझ्झा ती कशी गरम करतात त्यावरून होते. मायक्रोवेव्हवाले: यांना चावायचं नसतं, फक्त गिळायचं असतं, तळ ओल्या पुठ्ठ्यासारखा, वर चीज उकळतंय, आणि दोन मिनिटांत सगळं चपलेच्या टाचेसारखं कडक. मायक्रोवेव्हमध्ये शेजारी पाण्याची वाटी ठेवणारे: म्हणजे आपण चूक करतोय हे ज्यांना कळतं आणि तरी करतात, न्यायालयात अशांना जास्त शिक्षा होते. टोस्टरमध्ये उभा तुकडा खोचणारे, यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. ओव्हनवाले बरे, पण एका तुकड्यासाठी पंधरा मिनिटं भट्टी तापवायची म्हणजे डासावर तोफ. त्याच्या साडूने, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, एकदा पिझ्झा फॉइलमध्ये गुंडाळून कपड्यांच्या इस्त्रीखाली दाबला होता आणि वर ‘एकदम कडक झाला, कॉलरसारखा’ म्हणून हसला होता. त्याच्या शर्टाला नंतर आठवडाभर ओरेगॅनोचा वास येत होता. या साडूच्या घरी आता आपली बायको चार दिवस जेवते आहे. त्याने फ्रीजचं दार लावलं. पुन्हा उघडलं. चारच होते.

खरी पद्धत एकच. बिडाचा तवा मंद आचेवर आठ मिनिटं तापू द्यायचा, घाई करायची नाही. तुकडा कोरड्या तव्यावर ठेवून अडीच मिनिटं. तळ कडक झाला की तव्याच्या कडेला, तुकड्यावर नव्हे, कडेला, पाण्याचे चार थेंब सोडायचे आणि त्याच क्षणी झाकण घालायचं. दीड मिनिट. खालून कुरकुरीत, वरून वाफेने चीज जेमतेम हललेलं. एकूण बारा मिनिटं. अकरा वर्षांच्या संसारात त्याने बायकोला एकदाही गार तुकडा खाऊ दिला नव्हता. रविवारी पिझ्झा आला तेव्हाही तिने खोकं उघडून हात घातला होता आणि तो ‘थांब’ म्हणाला होता. पिशवीतून येईतो पिझ्झा निवतोच. त्याने तापमापकाची सुई चीजमध्ये खुपसली, पस्तीस अंश, अर्धमेला माणूसही याहून गरम असतो. मग तवा. ती ओट्याला टेकून उभी राहिली, हातांची घडी घालून, बारा मिनिटं. मग टेबलाशी बसून दोन तुकडे खाल्ले, कडा ताटलीत नीट ओळीने ठेवल्या, हात धुतले, पुसले आणि म्हणाली, “मी ताईकडे जातेय.”

“बरं. कधी येशील?”

“गुरुवारी. येऊन सांगते.”

“काय सांगणार?”

“तेच ठरवायला जातेय. माझ्या लक्षात आलं, अकरा वर्षं मी फक्त थांबतेय. तू ‘थांब’ म्हणतोस आणि मी थांबते. मला आता भूक लागेनाशी झालीये.”

यावर जगातला कुठलाही नवरा काहीतरी बोलला असता. रडला असता, ओरडला असता, निदान ‘म्हणजे काय’ तरी म्हणाला असता. त्याने तिच्या ताटलीकडे बघितलं आणि म्हटलं, “कडा सोडल्यास.” हे वाक्य तोंडातून निघून समोरच्या भिंतीवर जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं, सोमवार, मंगळवार, बुधवार, चहा पिताना, दाढी करताना, ते तिथूनच त्याच्याकडे बघत होतं. तिने पिशवी भरली. जाताना मात्र म्हणाली, “उरलाय तो खाऊन टाक.” त्याने खाल्ला नाही. पाच तुकडे फ्रीजमध्ये ठेवले आणि स्वतःला सांगितलं, की नव्या मायक्रोवेव्हच्या पुस्तिकेसाठी प्रयोगाला लागतील. प्रयोग त्याने केला नाही. रोज संध्याकाळी फक्त खोकं उघडून मोजत होता. सोमवार पहिला दिवस, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. उरलेला पिझ्झा चार दिवसांच्या आत खावा, पाचव्या दिवशी टाकून द्यावा; हे वाक्य त्यानेच सहा पुस्तिकांमध्ये लिहिलं होतं, चौकटीत, ठळक अक्षरांत. पाचव्या दिवशी पिझ्झा खाणाऱ्याला त्याच्या प्रतवारीत जागाच नव्हती. तो टोस्टरवाल्यांच्याही खाली. तसला माणूस कुठल्याही थराला जाऊ शकतो.

कड उचलायला त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण ओट्यावरची ती कड बघता बघता त्याला आई दिसली. ही आठवण त्याच्या ओळखीची होती; ती आली की तो तिला बसायला खुर्ची देत असे. बाबा जमिनीची मोजणी करणाऱ्या खात्यात होते आणि घरातही मोजणीच करायचे. समोर बशी आली की करंगळीच्या पाठीने तिची कड चाचपायचे, “निवलंय” म्हणायचे आणि बशी दोन बोटं पुढे सरकवायचे. दोनच बोटं. आई ती उचलून पुन्हा आचेवर न्यायची. एकदा, दोनदा, कधी कधी तीनदा. बाबांचं आटोपलं की मग ती जेवायची, ओट्याशी उभी राहून, पातेल्यातूनच. नऊ वर्षांचा असताना ताप आला म्हणून तो शाळेतून लवकर घरी आला, तर भर दुपारी आई एकटीच फ्रीजचं दार उघडं ठेवून कालचं उरलेलं गार, बोटांनी खात होती. दारात उभ्या त्याला बघताच तिने हात पदराआड नेला. “काही नाही रे, उगाच.” त्या दिवशी, तापाने फणफणत, त्याने ठरवलं होतं, की माझ्या बायकोला मी असं खाऊ देणार नाही. माझी बायको गरम खाईल, बसून खाईल. माणसं देशासाठी काय काय शपथा घेतात. त्याने ही घेतली होती आणि पाळली होती, तापमापक विकत घेऊन. पण आज ती आठवण खुर्चीत बसायला तयार होईना. तिच्यात इतकी वर्षं न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. आईने एका पायातली चप्पल काढून ठेवली होती आणि तो पाय दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासत होती. रेडिओ चालू होता. बाबा घरात असताना रेडिओ कधी चालू नसे. ती गुणगुणत होती, बोटं चाटत होती, आणि फ्रीजमधला गारवा तिच्या तोंडावर येत होता त्या दुपारच्या उकाड्यात. हात लपवला तो लाज वाटून नव्हे. मुलं सुपारीएवढा गूळ चोरून खाताना सापडतात ना, तसा लपवला होता. बाई मजेत होती! त्याला आईचा प्रचंड राग आला. एकोणतीस वर्षं ज्या दुःखावर माणसाने आपलं घर बांधलं, ते दुःख आयत्या वेळी मजेत निघावं, याला काय म्हणायचं. मेलेल्या माणसांनी तरी आपल्या शब्दाला जागायला हवं.

त्याने ताईला फोन लावला. ताई भूमिगत गटारांचे नकाशे काढायची आणि तशीच बोलायची, सरळ उतारावरून.

“ताई, ती आहे का?”

“आंघोळीला गेलीये. काही निरोप?”

“निरोप नाही. एक विचारायचं होतं. ती आज इकडे आली होती का?”

“दुपारी कपडे आणायला आली होती. का? न विचारता आली म्हणून तक्रार आहे का?”

“नाही नाही. तिने पिझ्झा खाल्ला का?”

ताई म्हणाली, “माझी बहीण तुला सोडायचं का नाही याचा चार दिवस विचार करतेय. झोपत नाहीये. आणि तू मला विचारतोयस, पिझ्झा खाल्ला का?”

“गार खाल्ला, ताई. गरम न करता.”

“अरे, तिला गारच आवडतो! लहानपणापासून! आईने ठेवलेलं काहीही ही फ्रीजमधूनच पळवायची. तुला माहीत नाही?”

“मला कधी बोलली नाही.”

“तू विचारलंस कधी?”

मागून साडूचा आवाज आला, “त्यालाच विचार ना मायक्रोवेव्हवरचं ते पिझ्झाचं बटण कसं वापरायचं,” आणि ताई त्याला म्हणाली, “तुम्ही जरा गप्प बसा हो.” मग फोनमध्ये, “हे बघ, उद्या ती साडेपाचला तिकडे येईल. जे काय ठरवलंय ते सांगेल. तेव्हा मेहेरबानी कर. शिळ्या कढीला ऊत आणत बसू नकोस. तिला बोलू दे.” त्याने फोन ठेवला. कड त्याने उचलली नाही. रात्री ओटा पुसला तो कडेच्या भोवतीने.

गुरुवारी सकाळी मॅडमनी त्याला बोलावलं. मॅडम म्हणजे पुस्तिका विभागाच्या प्रमुख. आयुष्यात त्यांनी कधी अंडंसुद्धा उकडलं नसावं असा त्याचा अंदाज होता आणि या अंदाजावर त्याचं त्यांच्याबद्दलचं सगळं मत उभं होतं. त्यांच्यासमोर त्याने लिहिलेली पानं होती. शेजारच्या टेबलावरचा, ऑफिसात ज्याला पंखा म्हणत तोही, कान देऊन बसला होता. हा पंख्यांची पुस्तिका लिहायचा, जिच्यात ‘बटण दाबा, वारा येईल’ यापलीकडे काही नसे, म्हणून त्याला दिवसभर वेळच वेळ.

“परिशिष्ट, हे काय आहे?”

“उरलेला पिझ्झा, मॅडम.”

“चौदा परिच्छेद आहेत.”

“पंधरा होते. टोस्टरवाला काढला. फार बोचरा झाला होता.”

“आणि सगळ्यात शेवटी लिहिलंय, की मायक्रोवेव्ह वापरू नये, बिडाचा तवा घ्यावा. आपण हे मायक्रोवेव्हच्या पुस्तिकेत छापतोय, लक्षात आहे ना?”

“मग काय लिहू? त्या बटणाचं इंजिनिअरला विचारलं मी. पिझ्झाचं बटण दाबलं की सव्वा मिनिट चालतं. सूपचं दाबलं की सव्वा मिनिट. बटाट्याचं, तेही सव्वा मिनिट. अकरा बटणं आहेत आणि अकराही तेच करतात.”

“लोकांना निवडायला आवडतं,” पंखा तिकडून म्हणाला.

“तू वारा घाल,” तो म्हणाला.

मॅडमनी चष्मा काढला. “अहो, तुमचं सगळं बरोबर आहे. मी घरी करून बघितलं. तव्यावर फारच छान होतो. पण बारा मिनिटं! लोकांना भूक लागलेली असते हो. भुकेल्या माणसाला तुम्ही चौदा परिच्छेद वाचायला लावता आणि वर त्यालाच मूर्ख ठरवता. तुमचं सगळं लिखाण वाचून मला एकच कळलं, की तुम्हाला पिझ्झा आवडतो, खाणारा आवडत नाही.” मग त्यांनी लाल पेनाने पहिल्या पानावर लिहिलं: ‘पिझ्झाचं बटण दाबा.’ खाली: ‘चार दिवसांच्या आत खा.’ “हे दुसरं वाक्य तुमचंच आहे. चांगलं आहे. ठेवलंय.” बाहेर आल्यावर त्याने मनातल्या मनात मॅडमना मायक्रोवेव्हवाल्यांमधून काढून तवेवाल्यांत घातलं, आणि आपल्याला असं करावं लागलं याबद्दल त्यांचा आणखी तिरस्कार केला. दिवसभर ते वाक्य मात्र सुटेना. भूक लागलेली असते. तिला भूक लागेनाशी झाली होती, आणि काल भर दुपारी, त्याच्या गैरहजेरीत, त्याच घरात लागली होती. याचं उत्तर कुठल्याही परिशिष्टात नव्हतं. म्हणजे तिची भूक मेली नव्हती. तो घराबाहेर पडायची वाट बघत होती. दरवाजाच्या मागे चप्पल काढून, एका पायावर उभी.

सव्वापाचला तो घरी पोचला. तवा काढला, धुतला, पुसला, शेगडीवर ठेवला. काडी ओढली नाही. तवा उतरवून पुन्हा खिळ्याला अडकवला. पुन्हा काढला. शेवटी तो ओव्हनच्या आत लपवून ठेवला, जसा दारुडा पाहुणे यायच्या आधी बाटली लपवतो, आणि खुर्चीवर ताठ बसून राहिला. साडेपाचला कुलपात किल्ली फिरली. तिच्या नखांत प्रयोगशाळेतलं पांढरं प्लास्टर होतं, केसांतही थोडं. पिशवी तिने दाराशीच ठेवली; भरलेली का रिकामी ते कळेना. ती स्वयंपाकघरात आली, ओट्यावरची कालची कड बघितली, त्याच्याकडे बघितलं.

“ही अजून इथेच?”

“हो.”

“तू टाकली नाहीस?”

“नाही.”

ती म्हणाली, “मी सांगायला आलेय. पण सकाळपासून काही खाल्लं नाहीये. आधी खाते. आणि मी खाईपर्यंत तू एक शब्द बोलायचा नाहीस. जमेल?”

त्याने मान हलवली. एवढी एकच गोष्ट तिने अकरा वर्षांत मागितली होती असं नाही. पण मागितलेली त्याला ऐकू आली अशी ही पहिलीच. तिने फ्रीज उघडला, खोकं काढलं, ओट्यावर चढून बसली आणि एक तुकडा गारच उचलला. चीज पांढरं पडून थिजलं होतं. तळ ओलसर असणार, चौथ्या दिवशी असतोच. त्याच्या तोंडात परिच्छेद गोळा होऊ लागले. पहिला, दुसरा, मागोमाग तिसरा, स्टेशनवर माणसं लोटावीत तसे. त्याने दात आवळले. मग त्या परिच्छेदांना तोंडात जागा उरू नये म्हणून, दुसरं काही सुचेना म्हणून, खोक्यात हात घालून त्यानेही एक तुकडा उचलला आणि चावला. जसा वाटला होता तसाच होता, किंबहुना जास्त वाईट. टाळूला मेणासारखं काहीतरी चिकटलं. टोमॅटो थंड, आंबट. कड चावताना कानशिलं दुखली. त्याचं जन्मभराचं मत शंभर टक्के खरं होतं, आणि खरं ठरल्याचा आनंद कुठेच होईना. तो चावत राहिला. ती बघत होती. तिने एक पाय दुसऱ्या पायावर घासला. चप्पल खाली पडली, तिने पडू दिली. दुसरा तुकडा घेतला. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. त्याने पूर्ण तुकडा खाल्ला, कडेसकट, आणि हात मांडीवर ठेवून बसला.

“कसा लागला?” तिने विचारलं. “बोल आता.”

चौदाच्या चौदा परिच्छेद दाराशी उभे होते. “भिकार,” तो म्हणाला.

तिला ठसका लागला. ती हसत होती, तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. “भिकारच असतो,” ती म्हणाली. “मी कुठे म्हणते चांगला असतो? पण लगेच मिळतो रे. हात घातला की मिळतो. कोणी सुई खुपसत नाही त्याच्यात.”

“मला सांगायचंस.”

“तुला सांगायचं म्हणजे बारा मिनिटं लागतात.”

तिने हातातली कड ओट्यावर ठेवली, कालच्या कडेशेजारी, आणि खोक्यात बघितलं. एक तुकडा उरला होता. ती तो खाईल, मग हात धुवेल, पुसेल, मग सांगेल; रविवारीही ती आधी हात पुसून मगच बोलली होती. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. ते प्लास्टरने पांढरे झालेले हात खोक्याकडे गेले. तिने झाकण लावलं. खोकं उचललं, फ्रीज उघडला आणि वरच्या कप्प्यात सारून ठेवलं.

“हा राहू दे,” ती म्हणाली. “उद्यासाठी.”

उद्या शुक्रवार. सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा, आज चौथा. सहा पुस्तिका, चौकट, ठळक अक्षरं. आज सकाळीच मॅडमनी लाल पेनाने राखलेलं एकमेव वाक्य. त्याने तोंड उघडलं. ती फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभी होती, एक पाय अनवाणी, आणि तो काय म्हणतो याची वाट बघत होती, अकरा वर्षं बघत आली तशीच, पण या वेळी भुवई थोडी वर होती.

“उद्यासाठी,” तो म्हणाला, आणि उठून दाराशी ठेवलेली तिची पिशवी आत आणायला गेला.